नवा हुप्प्या पिल्लांना का मारतो? अबूच्या डोंगरावर मिळालेलं उत्तर

वानरांच्या टोळीत बाहेरचा हुप्प्या घुसला, त्याने जुन्याला हाकललं, की कधी कधी तो अंगावर पिणारी पिल्लं मारून टाकतो. बघणाऱ्याला वाटतं, जनावर पिसाळलं. पण तसं नसतं. सारा ब्लॅफर हर्डी या अमेरिकन संशोधिकेने राजस्थानातल्या माउंट अबूला वानरांमागे फिरून याचं कारण शोधलं.

आधीचा अंदाज चुकला

वानरं पिल्लं मारतात ही नोंद पहिल्यांदा झाली ती कर्नाटकात, धारवाडजवळ. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने तिथे हे पाहिलं होतं. हार्वर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या हर्डींच्या कानावर ते आलं. त्यांना वाटलं, दाटी वाढल्यामुळे वानरांचं डोकं फिरत असावं. हेच तपासायला त्या १९७१ साली अबूला आल्या.

पुढची काही वर्षं त्या येत राहिल्या. कान फाटलेला, हात तुटलेला अशा खुणांवरून एकेक वानर ओळखायचं, नाव द्यायचं, दिवसभर मागे राहून वहीत टिपायचं. असं मिळून सुमारे दीड हजार तासांचं निरीक्षण झालं.

त्यातून दिसलं की दाटीचा संबंध नाही. टोळीतला जुना हुप्प्या सहसा पिल्लांच्या वाटेला जात नाही. धोका असतो तो बाहेरून आलेल्या नराचा.

कारण सोपं आहे. वानरीण पिल्लाला पाजत असते तोवर माजावर येत नाही. पिल्लू गेलं की ती लवकर माजावर येते. अबूला एका हुप्प्याचं राज्य सरासरी सव्वादोन वर्षंच टिकत होतं. तेवढ्यात त्याला स्वतःची पिल्लं हवीत. नर हा हिशेब मनात मांडत नाही, पण असं वागणाऱ्या नरांचाच वंश जास्त वाढत गेला, असं हर्डींचं म्हणणं.

माद्याही गप्प बसत नाहीत

तोवर बहुतेक अभ्यासकांचं लक्ष नरांच्या मारामाऱ्यांवरच असायचं. हर्डींनी माद्यांकडेही तेवढंच पाहिलं. वानरीण टोळीबाहेरच्या नरांशीही जुळते. त्यामुळे पिल्लू कोणाचं हे नराला नक्की कळत नाही, आणि आपलं असू शकेल अशा पिल्लाला तो सहसा हात लावत नाही.

अबूला 'सोल' नाव दिलेली एक म्हातारी वानरीण होती. तिचं वय झालेलं, टोळीत तिला कोणी विचारत नव्हतं. पण हुप्प्या पिल्लावर धावला तेव्हा हीच म्हातारी त्याच्या अंगावर गेली.

वाद आणि पुरावा

१९७७ साली हर्डींचं अबूच्या वानरांवरचं पुस्तक आलं आणि वाद पेटला. हे वागणं विकृत आहे, नेहमीचं नाही, असं काही नामांकित अभ्यासक म्हणाले. पुढे नेपाळातल्या रामनगरच्या वानरांची डीएनए तपासणी झाली. १९९९ साली तिचा निकाल छापून आला. मारणारा नर मेलेल्या पिल्लांचा बाप नव्हता. सिंहांसह इतर अनेक प्राण्यांतही असंच दिसून आलं आहे.

हर्डी नंतर माणसाच्या आईपणाकडे वळल्या. वानरीण आपलं तान्हं पिल्लू दुसऱ्या माद्यांकडे सांभाळायला देते, हे त्यांनी अबूला पाहिलं होतं. माणसाचं मूल तर एकट्या आईने वाढवणं कठीणच. आजी, मावशी, बाप, मोठी भावंडं यांचा हातभार होता म्हणून माणूस टिकला, असं त्यांनी २००९च्या पुस्तकात मांडलं. त्या स्वतः तीन मुलांच्या आई. बाळंतिणीला आणि लेकुरवाळीला आधार लागतो, तो तिचा कमकुवतपणा नाही, हे त्यांच्या कामातून पुढे आलं.

गावासाठी यात काय?

तूर-हरभऱ्याचं नुकसान, फुटलेली कौलं, हा त्रास खराच आहे. अशा वेळी 'तेवढा हुप्प्या धरून न्या' अशी मागणी होते. पण धारवाडला सुगियामांनी मुद्दाम एका टोळीतला हुप्प्या काढून पाहिला होता. दुसरा नर आला, आणि त्या टोळीतली पिल्लं मारली गेली. म्हणजे हुप्प्याची जागा रिकामी राहत नाही, आणि मधल्या मध्ये पिल्लं जातात.

वानराला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्याला परस्पर पकडणं किंवा मारणं गुन्हा आहे. त्रास जास्त असेल तर वन विभागाकडे अर्ज करावा. आणि टोळीत दोन नरांची जुंपलेली दिसली, तर पोराबाळांना लांब ठेवावं, मध्ये पडू नये.