रक्ताला परके वाटू नये म्हणून

डोंबिवलीतल्या पुष्कळ घरांत भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे मांडलेले असतात. घरात कुणाच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर त्याच चौकटींत आणखी आकडे दिसतात : दोन, दोन, तीन. त्या दिवशी रक्त पातळ ठेवणारी ॲसिट्रॉम किती मिलिग्रॅम घ्यायची, त्याची ती खूण. ब्लेडने गोळीचे अर्धुक करायचे, एक आठवडा भरपूर पालक आणि पुढचा आठवडा अजिबात नाही असे करायचे नाही, दात काढायचा तरी आधी डॉक्टरांना विचारायचे. आणि ठरल्या दिवशी आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या वेगाचे माप, तपासायचा. कुणी त्यासाठी लोकलने परळला केईएम रुग्णालयापर्यंत जातो, कुणी नाक्यावरच्या लॅबमध्ये बोट पुढे करतो किंवा बाही वर सारतो.

झडप उत्तम चालते आहे, मग ही गोळी कशासाठी?

कारण रक्ताला परके लगेच कळते. धातू किंवा प्लास्टिक रक्तात गेले की काही सेकंदांत प्रथिने त्याच्या पृष्ठभागावर चिकटतात. त्यांतल्या फायब्रिनोजेनवर प्लेटलेट्स येऊन बसतात आणि गुठळी धरू लागते. बोट कापल्यावर जीव वाचवणारा हाच गुण इथे अंगावर येतो. धमनीच्या आतले अस्तर मात्र जिवंत असते. पेशींचा तो एकपदरी थर नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडत प्लेटलेट्सना सतत दूर ठेवतो. परक्या धातूला असे अस्तर नसते, म्हणून कोटिंगचा विचार. कोटिंग म्हटले की ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या कामगाराला पावडर कोटिंग आठवेल, गंज धरू नये म्हणून केलेले. इथे धातूला रक्तापासून वाचवायचे नसून रक्ताला धातूचा पत्ता लागू द्यायचा नाही.

यातला एक मोठा शोध आला अणुभट्टीच्या बाजूने. १९६० च्या दशकात अमेरिकेत जॅक बोक्रोस अणुइंधनाच्या बारीक कणांवर कार्बनचा थर चढवत होते. शल्यविशारद व्हिन्सेंट गॉट ग्राफाइटच्या लेपावर हेपारिन बसवून गुठळ्या टाळू पाहत आहेत, हे बोक्रोस यांच्या वाचनात आले आणि दोघांची गाठ पडली. त्यातून पायरोलिटिक कार्बन झडपांत आला. हा कार्बन कठीण, गुळगुळीत आणि रक्ताला बऱ्यापैकी सोसणारा.

पण परदेशी झडपा महाग, आणि आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडपा निकामी झालेले रुग्ण बहुधा तरुण, हातावर पोट असलेले. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूने वेगळी वाट धरली. वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा उघडमीट सोसणारी चकती हवी होती. कृत्रिम नीलमण्याची चकती चाचण्यांत तडकली. शेवटी कोबाल्ट-क्रोमच्या चौकटीत अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनची चकती बसवली, म्हणजे प्लास्टिकच्याच गोतावळ्यातली. ६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप पहिल्यांदा माणसात बसली आणि टिकली. कुठलाही झगमगीत लेप न लावता केलेले हे काम आजही थक्क करते. रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र तिलाही चुकली नाही.

कल्याण-ठाण्याच्या बोलण्यात ‘स्प्रिंग बसवली’ म्हणतात, त्या धमनी उघडी ठेवणाऱ्या स्टेंटची गंमत उलटी आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने दर बांधले : साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषधलेपित २९,६०० रुपये. हा फरक बराचसा केसाहून पातळ लेपाचा. पण त्या लेपातले सिरोलिमससारखे औषध गुठळी रोखण्यासाठी नसतेच. स्टेंटच्या आत मांस वाढून नळी पुन्हा अरुंद होऊ नये, हे त्याचे काम. ते करताना धमनीचे स्वतःचे अस्तरही स्टेंटवर उशिरा चढते. म्हणून तर अँजिओप्लास्टीनंतर काही महिने गुठळी रोखणाऱ्या दोन-दोन गोळ्या, आणि त्या मनाने बंद करू नका ही तंबी.

थकलेल्या हृदयाला जोडलेला कृत्रिम पंप म्हणजे या सगळ्याची सत्त्वपरीक्षा. मिनिटाला काही लिटर रक्त, तेही रात्रंदिवस. जपानच्या एव्हाहार्ट पंपात एमपीसी नावाच्या बहुलकाचा लेप आहे. पेशीच्या पडद्यावरच्या रेणूची ती नक्कल. हार्टमेट ३ ने मात्र गुळगुळीतपणाचा हट्टच सोडला. टायटॅनियमचे सूक्ष्म मणी भाजून त्याचा आतला पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत केलेला असतो. रक्तातली प्रथिने आणि पेशी त्यावर घट्ट बसतात, आणि पुढचे रक्त धातूवरून न जाता स्वतःच विणलेल्या अस्तरावरून वाहते. चक्र चुंबकाच्या जोरावर तरंगते, त्यामुळे झिजणारे बेअरिंगही नाही.

या पंपाच्या सहाशेहून अधिक रुग्णांवरचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना ॲस्पिरिन दिलीच नव्हती. त्यांच्यात गुठळ्या वाढल्या नाहीत, रक्तस्राव उलट कमी झाला. दोन गोळ्यांतली एक सुटली. दुसरी, वॉरफरिन, ॲसिट्रॉमची सख्खी बहीण, दोन्ही गटांत चालूच होती.