‘सेरा’ आणि ‘असेल’ : भविष्यकाळी रूपाचे अनुमानवाचक उपयोजन

स्पॅनिश भाषेतील ‘सेर’ म्हणजे असणे या धातूचे ‘सेरा’ हे तृतीयपुरुषी एकवचनी रूप. व्याकरणाच्या पुस्तकात ते भविष्यकाळाच्या रकान्यात बसवलेले असते. व्यवहारात मात्र त्याचा भविष्याशी पुष्कळदा काहीच संबंध नसतो. दार वाजते आणि घरातले कोणी म्हणते, ‘किएन सेरा?’ दार वाजवणारा त्या क्षणी उंबऱ्याबाहेर उभा आहे, पुढे केव्हातरी नव्हे. मराठी वाचकाला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. ‘कोण असेल?’ हा आपला प्रश्न शब्दशः तोच आहे. ‘कोण आहे?’ असे विचारणारा उत्तर मागतो, ‘कोण असेल?’ म्हणणारा स्वतःशी तर्क करतो आणि समोरच्याला त्या तर्कात फार तर सामील करून घेतो.

हे साम्य एका वाक्यापुरते नाही. ‘सेरान लास दिएस’ म्हणजे ‘दहा वाजले असतील’. ‘आब्रा येगादो’ म्हणजे ‘पोहोचला असेल’. याहून सूक्ष्म आहे तो सवलतीचा प्रयोग : ‘सेरा रीको, पेरो...’, मराठीत ‘असेल श्रीमंत, पण...’. येथे बोलणारा अनुमानही करीत नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे क्षणभर मान्य करून ते बाजूला सारतो. दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या आरंभी येते, आणि दोन्हींत त्या जागेमुळेच उपेक्षेचा सूर लागतो.

आंद्रेस बेल्यो या व्याकरणकाराने १८४७ मध्ये चिलीत प्रसिद्ध केलेल्या आपल्या कास्तिलियन व्याकरणात या प्रयोगाची दखल घेतली आणि काळाच्या रूपकात्मक उपयोगाने त्याची उपपत्ती लावली. उत्तरकालीनता हे येथे अनिश्चिततेचे रूपक होते. विवेचन मार्मिक आहे. तथापि ‘भविष्यकाळ’ हे नाव प्रथम स्वीकारल्यामुळेच रूपकाचा आधार घ्यावा लागला, असे मला वाटते. मराठी व्याकरणपरंपरेने, विशेषतः मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ने (१९११), आख्यातांना प्रत्ययांवरून नावे दिली. ‘ईलाख्यात’ हे नाव काळाबद्दल मौन पाळते, म्हणून ‘असेल’चा वर्तमानविषयक तर्क त्यात अडचणीशिवाय सामावतो.

दोन्ही रूपांची घडण मात्र भिन्न आहे. स्पॅनिश भविष्यरूप लॅटिनमधील धातुसाधित आणि ‘असणे, जवळ बाळगणे’ या अर्थाचे सहायक क्रियापद यांच्या जोडणीतून आले. ‘गायचे आहे’ यातून ‘गाईल’ निघावे तसे. कर्तव्याचा अंश त्याच्या मुळाशी आहे. मराठीत ‘करी’ या जुन्या वर्तमानरूपास ‘ल’ लागून ‘करील’ झाले. उगमे वेगळी, पण पुढील वाटचाल सारखी. लॅटिन अमेरिकेच्या बोलण्यात निश्चित भविष्यासाठी ‘वा आ’ (जातो आहे) ही रचना रूढ होत गेली आणि जुने रूप अधिकाधिक अनुमानाकडे सरकले. मराठीतही ठरलेल्या गोष्टीसाठी ‘जाणार आहे’ येते, आणि ‘जाईल’मध्ये शंकेला जागा उरते.

मराठीजवळ आणखी एक रूप आहे, ते वाख्यातातले. ‘तो आजारी असेल’ आणि ‘तो आजारी असावा’ यांत दुसऱ्या वाक्यामागे काही खूण, काही पुरावा अभिप्रेत असतो. ‘वा’ प्रत्यय कर्तव्यही सांगतो (‘त्याने जावे’) आणि अनुमानही. स्पॅनिशमध्ये ‘देबेर’ कर्तव्यासाठी आणि ‘देबेर दे’ अनुमानासाठी, असा भेद प्रमाणभाषा करते. बोलणारे तो फारसा पाळत नाहीत.

हा भेद मराठीतही सर्वत्र सारखा टिकलेला नाही. भिलाईच्या सेक्टर ६ मधील मुक्कामात ही टिपणे केली. पोलाद कारखान्याच्या या वसाहतीतील काही मराठी घरांचे बोलणे ऐकताना ‘असावा’ क्वचितच कानी आला. नागपूर ही १९५६ पर्यंत या प्रदेशाचीही राजधानी होती. तिकडून आलेल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी वऱ्हाडी वळणाचे ‘घरी असन तो’ आढळते, तर नातवंडे ‘असेल’ म्हणतात. भोवतालच्या हिंदीतील ‘होगा’ हे ‘असेल’ला आधार देते, ‘असावा’ला तसा सोबती नाही. एवढ्यावरून सिद्धान्त मांडता येणार नाही, पण संपर्काची दिशा दिसते.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हे सर्व का हवे? कारण स्पॅनिश साहित्य आपल्याकडे बहुधा इंग्रजीमार्गे येते. इंग्रजीतही भविष्यरूपाने तर्क करता येतो, पण त्याचा वावर आखूड. म्हणून इंग्रजी अनुवादक ‘मस्ट’, ‘प्रॉबब्ली’, ‘आय वंडर’ असे पर्याय घेतो. त्यांवरून मराठी करणारा ‘असलाच पाहिजे’ किंवा ‘कदाचित आहे’ लिहितो, आणि हाताशी असलेला ‘असेल’ हुकतो. भूतकाळी कथनात धोका वाढतो. ‘तेंद्रीआ वेइंते आन्योस’ म्हणजे ‘विशीचा असावा’. इंग्रजीत त्याचे ‘वुड’ झाले की ते रीतिवाचक ‘असे’ की संकेतार्थी ‘असता’, असा भ्रम होतो.

गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या ‘एकाकीपणाची शंभर वर्षे’ (१९६७) या कादंबरीच्या आरंभवाक्यात ‘आबीआ दे’ ही रचना आहे. स्पॅनिश भविष्यरूपाच्या पोटात जे कर्तव्यवाचक घटक विरघळले, तेच येथे सुटे आणि भूतकाळात दिसतात. ग्रेगरी राबासा यांच्या इंग्रजी अनुवादाने (१९७०) ‘वॉज टू’ ही योग्य रचना योजली. मराठीत दोन वाटा संभवतात : ‘आठवणार होती’ आणि ‘आठवायची होती’. पहिलीत केवळ पुढचा काळ आहे. दुसरीत चतुर्थीचा कर्ता येतो, आठवण त्याच्या इच्छेबाहेरची ठरते, आणि विधिलिखिताचा जो स्वर मूळ रचनेत आहे तो तिच्यातच ऐकू येतो.