डॉक्टरकीचा खोडवा



पोराचा किंवा पोरीचा एमबीबीएसचा नंबर थोडक्यात हुकला की घरात चूल पेटत नाही. कोणी म्हणते, मोठ्या क्लासला घाला. कोणी म्हणते, पैसे द्या, सीट काढून देतो. अशा दलालाला दारातूनच परत धाडा. प्रवेश ‘नीट’च्या गुणवत्तेवरच होतो.

क्लासची फी भरण्याआधी पहिला पेपर उत्तरतालिकेशी ताडून पाहा. खोडव्यात नांग्या कुठे पडल्या हे बघूनच आपण त्या भरतो ना? २०२५ साली १८० प्रश्नांना ७२० गुण होते, त्यांतले ३६० एकट्या जीवशास्त्राला. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. ४० उत्तरे चुकली की कमावलेल्यातले ४० गुण गेलेच! न आलेले प्रश्न आणि घाईत चुकलेले प्रश्न, अशा दोन याद्या करा. पहिलीला अभ्यास हवा, दुसरीला घड्याळ लावून सराव.

अधिवास, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, जे दाखले लागू असतील ते आत्ताच काढायला टाका. दाखल्यापायी हातची जागा जाऊ नये.

आणि पोरांना घालूनपाडून बोलू नका. खत-पाणी वेळेवर मिळाले तर खोडवाही चांगला उतारा देतो.