बोईसर आधी खोडू नका

विरार, वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड. ही नऊ स्टेशनं एकाखाली एक लिहा, तीच वरच्या बाजूला आडवी लिहा. लगतच्या दोन स्टेशनांच्या चौकटीत १, बाकी सगळीकडे ०. चौकटी ८१, पण १ फक्त १६ ठिकाणी!

असा बहुतांशी शून्यांचा तक्ता म्हणजे स्पार्स मॅट्रिक्स. तारापूर अणुवीज केंद्राची वीज महाराष्ट्र-गुजरातला नेणाऱ्या जाळ्याचं गणितही याच जातीचं, कारण एकेका उपकेंद्राला तारा जोडलेल्या असतात त्या मोजक्याच उपकेंद्रांशी. जाळ्यात एक लाख जोडबिंदू धरा. सगळ्या चौकटी साठवायला ८० जीबी लागतील. शून्यं वगळली आणि प्रत्येक बिंदूला तीन-चार जोडण्या धरल्या, तर काम दहा एमबीच्या आत!

वगळायची कशी? सॉफ्टवेअर एका यादीत आकडे ठेवतं, दुसरीत त्यांचे स्तंभ आणि तिसरीत प्रत्येक ओळ कुठे सुरू होते ते. आपल्या तक्त्यात बोईसरची ओळ म्हणजे यादीतली १२वी आणि १३वी नोंद. स्तंभ ६ आणि ८, म्हणजे उमरोळी नि वाणगाव. ओळ क्षणात हाती लागते. पण बोईसरचा स्तंभ मागितलात, तर सगळी यादी चाळावी लागते. (आपला तक्ता दोन्हीकडून सारखाच, म्हणून इथे सुटका आहे, एरवी नाही.) मॅटलॅब हे गणिती सॉफ्टवेअर नेमकं उलटं करतं. तिथे साठवण स्तंभवार, त्यामुळे ओळ महाग. पायथनच्या सायपायमध्ये दोन्ही प्रकार मिळतात. आपल्याला काय वारंवार लागणार ते पाहून निवडायचं.

खरी गंमत अशा तक्त्याची समीकरणं सोडवताना. प्रत्येक स्टेशन म्हणजे एक अज्ञात राशी धरा. एकेक अज्ञात राशी काढून टाकत जायचं, तर बोईसर आधी काढलं की उमरोळी आणि वाणगाव थेट जोडले जातात, आणि शून्याच्या जागी नवे आकडे उगवतात. विरारपासून क्रमाने काढत गेलात, तर एकही नवा आकडा येत नाही. उत्तर तेच, मेहनत वेगळी. अमेरिकेच्या बॉनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशनमधले विल्यम टिनी आणि जॉन वॉकर यांनी १९६७ साली विजेच्या जाळ्यांसाठी हाच क्रमाचा मुद्दा मांडला. तारापूरची पहिली दोन युनिटं व्यापारी तत्त्वावर सुरू झाली त्याच्या दोन वर्षांनी, १९६९मध्ये.

कागदावर करून पाहा. स्टेशन खोडा, त्याचे उरलेले शेजारी रेघेने जोडा, नव्या रेघा मोजा. मग डहाणूहून जव्हारकडे एक फाटा काढा, पालघरहून मनोरकडे दुसरा, आणि एकही नवी रेघ न येणारा क्रम शोधा. तो सापडतो.