कला शाखेतून व्यवस्थापनाकडे : दार उघडे, पण तयारी हवी

विशेष प्रतिनिधी

दहावी-बारावीचे निकाल लागले, की घराघरांत एक जुना हिशेब नव्याने मांडला जातो. विज्ञान घेतले तर इंजिनीअर किंवा डॉक्टर, वाणिज्य घेतले तर सीए किंवा बँक, आणि कला शाखा घेतली तर? या प्रश्नापाशी बहुतेक पालक अडतात. त्यातच मुलीला किंवा मुलाला पुढे एमबीए करायचे असेल, तर 'मग आधी इंजिनीअरिंग कर, निदान बीबीए तरी कर' हा सल्ला ठरलेला असतो. इतिहास, मानसशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र किंवा मराठी साहित्य घेऊन बीए झालेल्यांसाठी व्यवस्थापनाचे दार बंद असते, अशी समजूत या सल्ल्यामागे असते.

नियम पाहिले तर ही समजूत खरी नाही. मात्र दार उघडे असणे वेगळे आणि तयारीनिशी आत पाऊल टाकणे वेगळे. या दोहोंतील अंतर पदवीच्या वर्षांतच भरून काढावे लागते. ते नेमके कोठे आहे हे ठाऊक नसल्याने एखादा विद्यार्थी न आवडणाऱ्या शाखेत चार वर्षे घालवतो, तर दुसरा पुरेशा तयारीविना लाखोंचे कर्ज डोक्यावर घेतो. म्हणूनच हा विषय नीट समजून घेणे आवश्यक आहे.

नियम काय सांगतात?

भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या, म्हणजेच आयआयएमच्या प्रवेशासाठी होणाऱ्या 'कॅट' परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. पदवीला किमान ५० टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग उमेदवारांसाठी ही अट ४५ टक्क्यांची आहे. पदवीच्या अखेरच्या वर्षातील विद्यार्थ्यांनाही ही परीक्षा देता येते. महाराष्ट्रातील एमबीए व एमएमएस अभ्यासक्रमांसाठी राज्य सीईटी कक्ष जी प्रवेश परीक्षा घेतो, तिलाही कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. तेथेही ५० टक्क्यांची, आणि राज्यातील मागासवर्गीय उमेदवारांसाठी ४५ टक्क्यांची अट आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्यास परवानगी दिली. त्यामुळे बीए आणि एमबीए एकदमच करता येईल, असे अनेकांना वाटते. तसे नाही. एमबीएसाठी आधी पदवी हातात असावी लागते. दोन्हींची सांगड घालायची, तर ती एकापुढे एक अशीच घालावी लागते.

दुसरा प्रश्न नव्या चार वर्षांच्या पदवीचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०नुसार विद्यार्थ्याला तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी घेता येते. एमबीएसाठी तीन वर्षांची पदवी पुरेशी आहे. चौथे वर्ष केले म्हणून दोन वर्षांचा एमबीए सरसकट एका वर्षाचा होत नाही. निव्वळ एमबीएची पायरी म्हणून चौथे वर्ष करण्याचे कारण नाही. विषयात संशोधनाची गोडी असेल, तर गोष्ट वेगळी.

व्यवस्थापनाची मुळे समाजशास्त्रांत

व्यवस्थापन म्हणजे आकडेमोड, हाही अर्धवट समज आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात कामगारांवर अनेक प्रयोग झाले. दिव्यांचा उजेड वाढवला तर काम वाढते का, या साध्या प्रश्नापासून सुरुवात झाली. अखेर चर्चा येऊन ठेपली ती कामगारांचे परस्परसंबंध, गटाची मानसिकता आणि आपल्याकडे कोणाचे तरी लक्ष आहे या भावनेवर. त्या निष्कर्षांच्या काटेकोरपणाबद्दल पुढे बरेच वाद झाले. पण मनुष्यबळ व्यवस्थापन या विषयाला त्यातूनच चालना मिळाली.

अमेरिकेतील व्यवस्थापन शिक्षणाची झाडाझडती घेणारे दोन अहवाल १९५९मध्ये प्रसिद्ध झाले. एकामागे फोर्ड फाउंडेशन होते, तर दुसऱ्यामागे कार्नेगी कॉर्पोरेशन. त्या काळचे शिक्षण फारच संकुचित व निव्वळ धंदेवाईक असल्याची टीका करून, त्यात गणिताबरोबरच मानसशास्त्र व समाजशास्त्र यांसारख्या वर्तनविषयक शास्त्रांना स्थान द्यावे, असा आग्रह दोन्ही अहवालांनी धरला. संघटनांमध्ये निर्णय कसे घेतले जातात, याच्या अभ्यासासाठी १९७८मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले हर्बर्ट सायमन यांची डॉक्टरेट राज्यशास्त्रातील होती. २००२मध्ये हाच सन्मान मिळालेले डॅनिअल कानेमन हे मानसशास्त्रज्ञ होते. ग्राहक खरेदीचा निर्णय नेहमीच थंड डोक्याने हिशेब करून घेत नाही, हे आज विपणनाच्या वर्गात शिकवले जाते, त्यामागे या संशोधनाचा मोठा वाटा आहे.

आपल्याकडेही उदाहरणे आहेत. ब्रिटानिया कंपनीचे नेतृत्व केलेल्या विनिता बाली यांनी अर्थशास्त्राची पदवी घेऊन मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेत व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले. २००९ ते २०१८ या काळात अ‍ॅक्सिस बँकेच्या प्रमुख असलेल्या शिखा शर्मा यांनीही अर्थशास्त्राच्या पदवीनंतर अहमदाबादच्या आयआयएमची वाट धरली. मात्र या उदाहरणांवरून घाईने निष्कर्ष काढू नये. अर्थशास्त्र सामाजिक शास्त्रांत मोडत असले, तरी त्यात आकड्यांशी गाठ पडतेच. इतिहासाच्या किंवा साहित्याच्या विद्यार्थ्याला ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

अडते कुठे?

कला शाखेच्या विद्यार्थ्यांची खरी अडचण गणिताची. दहावीनंतर अनेकांचा गणिताशी संबंध तुटतो आणि पाच वर्षांनी प्रवेश परीक्षेत तो एकदम समोर उभा राहतो. 'कॅट'मध्ये भाषा व आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणिती क्षमता असे तीन विभाग असतात. आयआयएम मुलाखतीला बोलावताना केवळ एकूण नव्हे, तर प्रत्येक विभागातील किमान पर्सेंटाइलही पाहतात. त्यामुळे भाषेत उत्तम गुण मिळवून गणिताची उणीव झाकता येत नाही. दिलासा इतकाच, की अंकगणित, बीजगणित आणि भूमिती यांचा बराचसा भाग शाळेतल्या पायावरच उभा असतो. कसोटी लागते ती वेगाची आणि सरावाची.

राज्याच्या सीईटीचे गणित थोडे निराळे आहे. अलीकडच्या वर्षांतील रचनेनुसार २०० प्रश्न १५० मिनिटांत सोडवायचे असतात. त्यांपैकी तर्कक्षमतेचे ७५, आकृत्यांवर आधारित तर्काचे २५, गणिताचे ५० आणि भाषेचे ५० प्रश्न असतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. म्हणजे तीन चतुर्थांश प्रश्नपत्रिका गणिताच्या विभागाबाहेरची आहे. ज्यांचे वाचन चांगले आहे आणि ज्यांनी तर्काचा सराव केला आहे, त्यांना येथे घाबरण्याचे कारण नाही. परीक्षेचे स्वरूप व तारखा मात्र दरवर्षी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात.

वेगळ्या शाखेचा काही लाभही मिळतो. वर्गात निव्वळ इंजिनीअर असू नयेत, म्हणून काही आयआयएम अन्य शाखांच्या पदवीधरांना निवडीत थोडे अधिक गुण देतात. अहमदाबादच्या आयआयएममध्ये अर्जदारांचे पदवीच्या शाखेनुसार गट करून प्रत्येक गटातील अग्रेसर उमेदवारांना संधी देण्याची पद्धत आहे. पण हा लाभ काठावरच्या उमेदवाराला पुढे नेणारा आहे, तयारी नसलेल्याला तारणारा नाही.

दुसरी कसोटी मुलाखतीची. तेथे प्रश्न पदवीच्या विषयावरच विचारले जातात. समाजशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला शहरीकरणावर चार वाक्ये धडपणे बोलता आली नाहीत, तर 'मला पहिल्यापासून एमबीएच करायचे होते' हे उत्तर त्याच्या कामी येत नाही. पदवीकडे निव्वळ पायरी म्हणून पाहणाऱ्यांची येथे पंचाईत होते.

पदवीच्या वर्षांत काय करावे?

पहिल्या वर्षी गणिताशी पुन्हा ओळख करून घ्यावी. आठवी ते दहावीची पुस्तके काढून रोज अर्धा तास दिला, तरी पुरे. नव्या धोरणात मेजर विषयाबरोबर मायनर विषय घेण्याची सोय आहे. महाविद्यालयात उपलब्ध असेल, तर अर्थशास्त्र, संख्याशास्त्र किंवा वाणिज्य शाखेतील एखादा विषय जोडीला घ्यावा. मानसशास्त्र व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमात संख्याशास्त्र शिकावेच लागते. ते परीक्षेपुरते न ठेवता संगणकावर वापरण्याची सवय करावी.

दुसऱ्या वर्षी विषयाला कामाची जोड द्यावी. वस्तीत सर्वेक्षण करणे, प्रश्नावली तयार करणे, मुलाखती घेणे, मिळालेल्या माहितीचा अहवाल लिहिणे ही कामे समाजशास्त्राचा विद्यार्थी शिकतो, आणि बाजार संशोधन करणाऱ्या संस्थाही हीच कामे करतात. साहित्याच्या विद्यार्थ्याला जाहिरात व प्रसारमाध्यमे, तर राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला सार्वजनिक धोरण व शासनाशी संबंधित कामे जवळची आहेत. सुटीतील एखाद-दोन महिन्यांचा असा अनुभव मुलाखतीत पुष्कळ बोलतो.

अखेरच्या वर्षी प्रवेश परीक्षांची तयारी आणि कागदपत्रे, दोन्ही एकदम सांभाळावी लागतात. जात पडताळणी प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, अधिवास दाखला यांसाठी वेळ लागतो. निकालानंतर धावपळ करण्यापेक्षा आधीच अर्ज केलेला बरा. पदवीनंतर एक-दोन वर्षे नोकरी करून मग एमबीएला जाणे हाही शहाणपणाचा मार्ग आहे. कामाचा अनुभव निवडीत उपयोगी पडतोच, शिवाय वर्गात शिकवलेले समजायलाही सोपे जाते.

सर्वच वाटा आयआयएमकडे जात नाहीत

मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची स्थापना १९३६ची. तेथील मनुष्यबळ व्यवस्थापन व कामगार संबंध या विषयातील अभ्यासक्रम उद्योगजगतात नावाजलेला आहे. जमशेदपूरची एक्सएलआरआय याच क्षेत्रासाठी प्रसिद्ध आहे. ग्रामीण व्यवस्थापनासाठी गुजरातेतील आणंद येथे १९७९मध्ये 'इर्मा' स्थापन झाली. २०२५मध्ये तिचे त्रिभुवन सहकारी विद्यापीठात रूपांतर झाले. जाहिरात व संवाद यांत रस असणाऱ्यांसाठी १९९१मध्ये सुरू झालेली अहमदाबादची 'मायका' आहे. माणसांचा अभ्यास केलेल्या पदवीधराचे ज्ञान अशा अभ्यासक्रमांत थेट कामी येते.

बारावीलाच निर्णय पक्का असेल, तर एकत्रित अभ्यासक्रमही आहेत. इंदूरच्या आयआयएमने २०११मध्ये पाच वर्षांचा असा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात पहिली तीन वर्षे गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र यांच्याबरोबर सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्या, आणि पुढची दोन वर्षे व्यवस्थापन शिकवले जाते. २०१९मध्ये रोहतकच्या आणि त्यानंतर अन्य काही आयआयएमनी हा मार्ग स्वीकारला. कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही तो खुला आहे. मात्र प्रवेश परीक्षेत गणित येथेही असते, आणि पाच वर्षांचे शुल्क मोठे असते.

पैशाचा हिशेब

प्रमुख आयआयएममधील दोन वर्षांचे शुल्क वीस लाख रुपयांच्या वर गेले आहे. कर्ज घेण्यापूर्वी संस्थेचा केवळ सर्वाधिक पगाराचा आकडा पाहू नये. मध्यम स्थानावरच्या विद्यार्थ्याला किती वेतन मिळाले आणि किती जणांना नोकरी मिळाली, हे विचारावे. शिवाय कला शाखेच्या पदवीधरांना कोणत्या प्रकारची कामे मिळाली, हे माजी विद्यार्थ्यांना आवर्जून विचारावे. नावाजलेल्या संस्थेत कर्ज फेडण्याची शक्यता दिसते. जेमतेम संस्थेत तेवढेच कर्ज घराला वर्षानुवर्षे पुरते.

मदतीच्या योजनाही पाहाव्यात. नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील प्रवेशासाठी तारण व जामीनदाराविना कर्ज मिळू शकते. वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४मध्ये आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय घेतला. अनेक मुलींसाठी एमबीए शक्य की अशक्य, हे या एका निर्णयावर ठरू शकते. तरीही अटी संबंधित संस्थेत खात्री करून घ्याव्यात.

कला शाखेची पदवी माणूस व समाज वाचायला शिकवते. व्यवस्थापनाचे शिक्षण त्या वाचनातून निर्णय घ्यायला शिकवते. दोन्हींची सांगड चांगली बसते, पण ती आपोआप बसत नाही. ज्या विद्यार्थ्याला विषयाची खरी आवड आहे आणि आकड्यांशी मैत्री करण्याची तयारी आहे, त्याने केवळ धास्तीपोटी शाखा बदलू नये. आणि पालकांनीही 'बीए करून काय करणार?' या प्रश्नाऐवजी 'बीए करताना काय करणार?' असे विचारावे. पुढच्या तयारीची सुरुवात त्या उत्तरातूनच होईल.