वहीत नसलेलं लेकरू

दसऱ्यानंतर कधी बीडहून घाट चढून मांजरसुंब्याला आलात, तर चौफुल्यावर घटकाभर थांबा. इथून एक रस्ता सोलापूरला जातो, एक केज-अंबाजोगाईला, एक पाटोद्याकडे. एरवी इथं ढाबे, एस.टी.ची वाट पाहणारी माणसं, सीताफळांच्या पाट्या आणि कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला निघालेले भाविक दिसतात. या दिवसांत मात्र डोळ्यांत भरतात ते ट्रॅक्टर. मागच्या ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, ज्वारीची पोती, कोपीसाठी बांबू नि ताडपत्री, एखादी शेळी, आणि या सगळ्या पसाऱ्यावर बसलेली माणसं. ऊसतोडीला पाच-सहा महिन्यांसाठी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघालेली.

अशाच एका ट्रॉलीजवळ मी चहा घेत उभा होतो. एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन खाली उतरली. सहज विचारलं, "बाई, तोडीला गेल्यावर ह्याला कोण सांभाळतं?"

तिनं शेजारच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "ही हाय की, बाबा. आता सातवं लागलं तिला."

आवाजात काळजी नव्हती, थोडा अभिमानच होता. ट्रॅक्टर सुटला तेव्हा बाळ त्या पोरीच्याच काखेत होतं.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. एकट्यानं तिजोरी उघडायची नाही, मग तो कितीही सचोटीचा असो. संध्याकाळी रोकड मोजून वहीशी जुळवल्याशिवाय कुणी घरी जात नाही. वर्षातून एकदा बाहेरचा तपासनीस येतो, तो न कळवता येतो. यात कुणाचा अपमान आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. दुसऱ्याची ठेव सांभाळायची तर अशीच सांभाळावी लागते.

आणि मूल? शहरातले आईबाप सकाळी आठला गल्लीतल्या पाळणाघराची घंटा वाजवतात, डबा आणि दुपटं देतात आणि लोकल पकडायला धावतात. आत किती मुलं आहेत, ती सांभाळायला किती बायका आहेत, दुपारी दार कोण उघडतं, हे विचारायची सोय नसते. विचारलं तर बाई रागावतील अशी भीती असते. दुसरं पाळणाघर कुठे मिळणार?

२०१६ च्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यात टिपली गेली, तेव्हा महाराष्ट्र हादरला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापुरात शिशुवर्गातल्या दोन मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण पुढे आलं. गुन्हा नोंदवायलाच कित्येक तास गेले, आणि लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. दोन्ही वेळा संताप खरा होता. पण संताप घटनेनंतर येतो. किल्ल्या दोघांकडे देण्याची व्यवस्था घटनेच्या आधी करावी लागते.

कायदे नाहीत असं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यानं ५० हून अधिक स्त्रिया काम करतात तिथे पाळणाघर हवं असं सांगितलं; पुढे ती संख्या ३० वर आली. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनं ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं केलं आणि आईला दिवसातून ४ वेळा मुलाला भेटण्याचा हक्क दिला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशा पाळणाघरांसाठी किमान निकष काढले. तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक प्रशिक्षित बाई, त्यावरच्या २० मुलांमागे एक. मुलं आत असताना बाहेरच्या कुणाला प्रवेश नाही. साधे, शहाणपणाचे निकष आहेत. पण ते या आस्थापनांच्या पाळणाघरांसाठी आखलेले. गल्लीतल्या पाळणाघराच्या दाराशी पोचेपर्यंत ती नुसती सूचना उरते.

आणि उसाच्या फडात? साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत कायदा, फाटकाबाहेर फड. तोडणाऱ्याला आणतो मुकादम. कारखाना म्हणतो, ही माणसं आमची नव्हेत. एका टोळीची माणसं मोजली तर बहुधा पन्नाससुद्धा भरत नाहीत. सगळ्या टोळ्या मिळून मोजल्या तर हजारांनी भरतात, पण तशी मोजणी कोण करणार? नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाच्या वहीत कोयता असतो, उचल असते. लेकरू नसतं.

इथे मला माझाही हिशेब सांगितला पाहिजे. ऊस तोडणी-वाहतुकीच्या कर्जांचे अर्ज मी स्वतः मंजूर केले आहेत. ट्रॅक्टरचा विमा आहे का, कारखान्याची हमी आहे का, हे सगळं मी नीट पाहत असे. त्या ट्रॉलीत किती मुलं बसणार, याचा रकाना अर्जात नव्हता. तो नाही, हे माझ्या कधी लक्षातही आलं नाही.

तोडीला माणसं पहाटे, अंधारातच निघतात. थंडीत बाळ कोपीत ठेवावं तरी भीती, बांधावर झोळीत टाकावं तरी भीती. मागे येणारा ट्रॅक्टर, उघडी विहीर, पाचटात लपलेला साप, जुन्नरकडे बिबट्या. या सगळ्यावर पहारा त्या सात वर्षांच्या पोरीचा. म्हणजे पाळणाघर नाही म्हणून एकाच वेळी दोन मुलांचं नुकसान. एकाची सुरक्षितता जाते, दुसरीची शाळा.

हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार पूर्वी ओळखलं होतं. कोसबाडच्या टेकडीवर १९५७ पासून त्यांचं काम सुरू झालं. थोरल्या मुलींना शाळेत यायचं तर धाकट्या भावंडांचं काय, या प्रश्नाला त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणून उत्तर दिलं. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी 'मोबाइल क्रेशेस' सुरू केलं. काम जिथे जाईल तिथे पाळणाघर जाऊ शकतं, हे त्यातून सिद्ध झालं. मग ते उसाच्या तळावर का जाऊ नये?

मागणं मोठं नाही. टोळ्या उतरतात त्या प्रत्येक तळावर हंगामभर पाळणाघर, आणि त्याची जबाबदारी कारखान्याची, कारण ऊस अखेर त्याच्याच गव्हाणीत पडतो. वेळ पहाटेपासूनची, कार्यालयाच्या सोयीची नव्हे. टोळीतल्याच एखाद्या पोक्त बाईला प्रशिक्षण आणि पगार. तिच्या जोडीला दुसरी बाई, कारण किल्ल्या दोन हव्यात. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत २०२२ पासून अंगणवाडीला जोडून पाळणाघराची कल्पना आहेच. ती तळापर्यंत न्यावी. आणि शहर असो की फड, प्रत्येक पाळणाघराची नोंदणी, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, न कळवता होणारी तपासणी, आणि आईबापांना कुठल्याही वेळी आत येऊन पाहण्याची मुभा. जिथे ही मुभा नाही तिथे मूल ठेवू नये.

आपल्यालाही काही करता येतं. पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. चांगल्या बाईंना ते आवडतात. त्यांना बरा मोबदला देणं हाही मुलाच्या सुरक्षिततेचाच भाग आहे. पंधरा मुलांमागे एकटी राबणारी बाई दुष्ट नसते, थकलेली असते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आहे. तो फ्रिजवर चिकटवून ठेवावा.

ती पोरगी कुठल्या कारखान्याच्या तळावर उतरली, मला ठाऊक नाही. मी तिचं नावही विचारलं नाही. आयुष्यभर प्रत्येक कागदावर नाव आणि तारीख पाहिल्याशिवाय सही न करणारा माणूस मी. पुढच्या दसऱ्याला चौफुल्यावर जाईन तेव्हा खिशात वही असेल.