फ्लाखाउचा गवंडी

हिवाळ्यात टीव्हीवर कधीतरी बर्फावरच्या शर्यती दिसतात. पायांना दोन लांब पट्ट्या लावलेला माणूस डोंगरावरून खाली झेपावतो, मिनिट-दोन मिनिटांत पायथ्याशी पोचतो, आणि आपल्याला काही कळायच्या आत वरून दुसरा निघालेला असतो. कोण जिंकलं ते डोळ्यांना समजत नाही. ते घड्याळालाच समजतं, कारण हिशेब सेकंदाच्या शंभराव्या भागाचा. आपण अशा वेळी चॅनेल बदलतो. ऑस्ट्रियात मात्र या खेळाचं वेड आपल्या क्रिकेटसारखं आहे. तिथल्याच एका खेळाडूविषयी आज बोलायचं आहे. त्याचं नाव हर्मान मायर.

आधी खेळाविषयी थोडं. उतारावर खांब रोवून फाटकं केलेली असतात आणि प्रत्येक फाटकातून जावंच लागतं. डाउनहिलमध्ये फाटकं कमी, वेग सर्वांत जास्त. सुपर-जीमध्ये वळणं थोडी वाढतात, जायंट स्लालममध्ये आणखी वाढतात. स्लालम तर सगळा वळणांचाच खेळ. मायर पहिल्या तीन प्रकारांतला राजा.

साल्झबुर्ग प्रांतात फ्लाखाउ नावाचं गाव आहे. तिथे मायरच्या आईवडिलांची स्कीइंग शिकवण्याची शाळा होती. १९७२ साली जन्मलेला हा मुलगा पंधराव्या वर्षी श्लाडमिंगच्या क्रीडाशाळेत गेला, पण अंगाने किरकोळ, त्यातून गुडघे दुखरे. त्याला घरी पाठवण्यात आलं. मग उन्हाळ्यात गवंडीकाम आणि हिवाळ्यात पर्यटकांना स्कीइंग शिकवणं, असं त्याचं आयुष्य सुरू झालं. सिमेंटची पोती उचलून अंगात ताकद आली, पण ऑस्ट्रियाच्या संघाचं दार काही उघडलं नाही. त्या देशात चांगल्या खेळाडूंची एवढी गर्दी, की गावातल्या गवंड्याकडे कोण बघणार?

जानेवारी १९९६ मध्ये विश्वचषक मालिकेतली जायंट स्लालमची एक शर्यत खुद्द फ्लाखाउलाच आली. अशा शर्यतीआधी काही स्थानिक खेळाडूंना उतारावरून सोडतात. मार्ग नीट आहे की नाही, एवढंच पाहायचं असतं. त्यांची वेळ निकालात धरत नाहीत. मायर त्यांच्यापैकी एक होता. त्याची वेळ धरली असती, तर जगातल्या नामवंतांमध्ये तो बारावा आला असता. प्रशिक्षकांनी त्या दिवशी घड्याळ पाहिलं आणि मायरचं नशीब पालटलं. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता, म्हणजे या खेळात उशीरच. वर्षभरात, फेब्रुवारी १९९७ मध्ये, त्याने विश्वचषकातली पहिली शर्यत जिंकली.

पुढचं बऱ्याच जणांना ठाऊक असेल. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये, १३ फेब्रुवारीला डाउनहिल होती. सातव्या फाटकाजवळ मायरचा तोल गेला आणि तो हवेत उडाला. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग असताना जमिनीला आडवा, डोकं खाली अशा अवस्थेत तो दिसतो, ते छायाचित्र जगभर गाजलं. सुरक्षेच्या दोन जाळ्या फोडून तो मऊ बर्फात पडला. उठला, अंग झटकलं, हात हलवला. तीन दिवसांनी सुपर-जीचं सुवर्णपदक, आणखी तीन दिवसांनी जायंट स्लालमचं. लोक त्याला ‘हर्मिनेटर’ म्हणू लागले. २००० साली संपलेल्या मोसमात त्याने विश्वचषकात बरोबर दोन हजार गुण मिळवले. एका विजयाचे शंभर गुण असतात हे लक्षात घेतलं, म्हणजे या आकड्याचं वजन कळतं.

पण मला स्वतःला नागानोपेक्षा पुढची गोष्ट मोठी वाटते.

२४ ऑगस्ट २००१. रादश्टाटजवळ मायरच्या मोटरसायकलची एका मोटारीशी टक्कर झाली. उजवा पाय गुडघ्याखाली जवळजवळ तुटला. पाय कापावा लागेल अशी स्थिती होती. कित्येक तासांची शस्त्रक्रिया करून डॉक्टरांनी तो वाचवला आणि हाडात धातूचा दांडा बसवला.

आता या खेळातला बूट कसा असतो ते सांगतो, म्हणजे अडचण समजेल. तो नडगीच्या मध्यापर्यंत येणारा, कडक प्लॅस्टिकचा असतो. वळताना खेळाडू नडगीने बूट पुढे दाबतो आणि वळणाच्या बाहेरच्या पायावर बहुतेक सगळा भार घेतो. डावीकडे वळायचं तर भार उजव्या पायावर. म्हणजे जिथे हाड मोडलं, तिथेच प्रत्येक वळणाचा दाब. साधं चालणं आणि हे, यांत फार अंतर आहे.

२००२ चं ऑलिंपिक त्याच्याविना झालं. विश्वचषक त्याचाच देशबांधव श्टेफान एबरहार्टरने जिंकला. मायर मात्र तासन्‌तास व्यायामाची सायकल मारत होता.

१४ जानेवारी २००३ ला स्वित्झर्लंडमधल्या आडेलबोडेनला तो पुन्हा उतरला. जायंट स्लालमच्या पहिल्या फेरीतले तीसच खेळाडू दुसऱ्या फेरीत जातात. मायर एकतिसावा आला. तीन वेळा विश्वचषक जिंकलेल्या माणसाने हा निकाल घेऊन घरी जायचं! आणि मग तेराच दिवसांनी किट्झब्युहेलला, आपल्याच देशात, त्याने सुपर-जी जिंकली. पुढच्या वर्षी चौथ्यांदा विश्वचषक. २००५ मध्ये बोर्मिओला जायंट स्लालमचं जागतिक विजेतेपद, २००६ च्या तुरीन ऑलिंपिकमध्ये एक रौप्य आणि एक कांस्य.

शेवटचा विजय नोव्हेंबर २००८ मध्ये, कॅनडातल्या लेक लुईसला. तो विश्वचषकातला त्याचा चौपन्नावा. १३ ऑक्टोबर २००९ ला त्याने पत्रकारांना बोलावून निवृत्ती जाहीर केली. नागानोला हसत उठलेल्या या माणसाला त्या दिवशी रडू आवरलं नाही. नंतर एका टीव्ही मालिकेसाठी तो स्कीइंग करत दक्षिण ध्रुवापर्यंतही जाऊन आला, त्याच उजव्या पायाने.